ज्ञान आणि शहाणपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत मराठी शिकवत असे, आता निवृत्त आहे. वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम आला की ओळखीतली मुलं, त्यांचे पालक आणि अधूनमधून ज्येष्ठ नागरिक संघातले मित्र हाच विषय घेऊन येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे बोलण्यासारखं होतं तिथे बोललो, बाकीचं आटोपतं घेतलं.

उद्या स्पर्धा आहे. दोन ओळींत फरक सांगाल का?

ज्ञान म्हणजे एखादी गोष्ट कशी आहे आणि का आहे हे कळणं. शहाणपण म्हणजे ते कळल्यावर इथे, आत्ता, या माणसाच्या बाबतीत काय करायचं आणि काय करायचं नाही हे उमगणं.

झाल्या दोन ओळी. पण मी परीक्षक असताना गुण व्याख्येला देत नसे, उदाहरणाला देत असे. तेव्हा पुढे वाचा. आणि "ज्ञान हा दिवा आहे तर शहाणपण हा त्याचा प्रकाश" हे वाक्य घालू नका. तुमच्या आधीच्या तिघांनी ते म्हटलेलं असतं.

टोमॅटोचं ते प्रसिद्ध वाक्य बरोबर आहे का?

टोमॅटो हे फळ आहे हे कळणं म्हणजे ज्ञान आणि तो फ्रूट सॅलडमध्ये न घालणं म्हणजे शहाणपण, हेच ना? व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा येतं. विनोद म्हणून ठीक आहे, पण मराठीत तो नीट बसत नाही, कारण आपल्याकडे 'फळभाजी' हा शब्द आहे. वांगं, भेंडी, दुधी, टोमॅटो: झाडाच्या लेखी फळ, विळीपुढे भाजी. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याने भांडणच मिटवून टाकलं.

अमेरिकेत मात्र हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथल्या १८८३ च्या कायद्यानुसार आयात भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं म्हणणं, हे तर फळ, जकात कसली? १८९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वनस्पतिशास्त्रात ते फळ असेल, पण लोक ते जेवणात भाजीसारखं खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत. तेव्हा भाजीची जकात भरा. न्यायमूर्तींना शास्त्र कळत नव्हतं असं नाही. समोरचा प्रश्न बाजाराचा आहे, झाडाचा नाही, एवढं त्यांनी ओळखलं.

माहिती, ज्ञान, हुशारी, अक्कल, शहाणपण, विवेक: हे सगळं एकच का?

बोलताना सरमिसळ होते, पण या शब्दांमागे आपण कोणती क्रियापदं लावतो ते ऐका. माहिती मिळते. ज्ञान होतं. हुशारी दिसते, बहुतेक वेळा परीक्षेत. अक्कल येते, आणि ती येण्याआधी बहुधा ठेच लागलेली असते. शहाणपण सुचतं. विवेक मात्र करावा लागतो. त्या शब्दाचा मूळ अर्थच वेगळं करणं, निवडणं असा आहे, सुपात धान्य पाखडतात तसं.

'शहाणा' हा शब्द 'सज्ञान'पासून आला असं मानतात. गंमत पाहा, सज्ञान हा शब्द पुढे कायद्याच्या हाती लागला आणि अठरा वर्षं पूर्ण झालेला असा त्याचा अर्थ झाला. जन्मदाखला दाखवला की माणूस सज्ञान. त्याच शब्दाचं बोलीतलं रूप असलेला 'शहाणा' मात्र कुठल्याच दाखल्यावर मिळत नाही.

शिवाय मराठी माणूस या शब्दाकडे जरा संशयानेच बघतो. दीडशहाणा, अतिशहाणा, 'मोठा शहाणा लागून गेलास', 'जास्त शहाणपणा करू नकोस'. शेवटी एक काना वाढला की शहाणपणाचा आगाऊपणा होतो. मला ही भाषेची सावधगिरी वाटते. स्वतःला ज्ञानी म्हणवणारा चूक असला तर पुस्तक उघडून दाखवता येतं. स्वतःला शहाणा म्हणवणाऱ्याची चूक आधी घराला भोगावी लागते.

रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण द्या. पुस्तकी नको.

पेरणीचं देतो.

जून उजाडला की कृषी विभाग दर वर्षी बजावतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. किमान ७० उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवा. हे ज्ञान आहे. तपासलेलं, पक्कं, आणि एका मेसेजमध्ये कुणालाही पाठवता येईल असं.

आता शेतावर चला. पाऊस मोजला महसूल मंडळाच्या गावी. तुमच्या शिवारात तेवढाच पडला असेल याची खात्री नाही. ओढ्याकाठची काळी आणि माळावरची मुरमाड, दोन्हींवर एकच पाऊस पडला तरी ओल वेगळी मुरते. काळ्या रानात जास्त झाला तर उलट पंचाईत: पाय रुततो, तिफण चालत नाही, वाफसा येईपर्यंत थांबावं लागतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. मिलिमीटर मोबाइलवर कळतात. वाफसा बघायला बांधावर जावं लागतं, आणि काल होता म्हणून आज असेल असं नसतं.

बरं, वाफसा आला तरी प्रश्न संपत नाही. शेजाऱ्याने काल पेरलं. ट्रॅक्टरवाला दोनच दिवस मोकळा आहे, मग तो पुढच्या गावी जाणार. हवामान खातं पावसात आठवडाभराचा खंड सांगतंय. बियाणं उधारीवर आणलंय, आणि दुबार पेरणीची वेळ आली तर दुसऱ्यांदा उधार कोण देणार? आमच्या नात्यातले एक काका अशा वर्षी निम्मं रान पेरत आणि निम्मं राखून ठेवत. भावकी हसायची, घाबरला म्हणायची. पाऊस लागून राहिला तर निम्म्या रानाला उशीर व्हायचा, खंड पडला तर निम्मं बियाणं वाचायचं. त्यांचं पीक गावात कधी पहिलं आलं नाही. दुबार पेरणीसाठी ते सावकाराच्या दारातही कधी गेले नाहीत.

हे काका आकडेवारीला नावं ठेवणारे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ते चुकवत नसत आणि गोणपाटातले दाणे स्वतः मोजत. फक्त आकडा ऐकून झाल्यावर ते रानात जाऊन बसत, विडी ओढत. मला लहानपणी तो आळस वाटायचा.

भरपूर शिकलेली माणसं मूर्खासारखी कशी वागतात?

हा प्रश्न जुना आहे, इतका की त्यासाठी समर्थ रामदासांनी स्वतंत्र शब्द वापरला: पढतमूर्ख. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात सुरुवातीला साध्या मूर्खाची लक्षणं येतात, आणि शेवटचा, दहावा समास पढतमूर्खासाठी राखलेला आहे. आता शहाणे असूनही मूर्ख असलेल्यांबद्दल ऐका, अशी त्याची सुरुवात. हा माणूस बहुश्रुत आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ समजावून सांगतो, पण दुराशा आणि अभिमान काही सोडत नाही. त्याच्या ज्ञानात खोट आहे असं रामदास म्हणतच नाहीत. ज्ञान चोख आहे, त्यावर जो बसलाय तो बिघडलेला आहे.

आधुनिक उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक फंडाचं घ्या. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. किमतींमधले बारीक फरक गणिताने हेरायचे आणि प्रचंड कर्ज काढून त्यावर पैसे लावायचे, अशी पद्धत. काही वर्षं उत्तम चाललं. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, जगभरातले गुंतवणूकदार घाबरून एकाच दाराकडे धावले आणि गणितात जे जवळपास अशक्य होतं ते रोज घडू लागलं. शेवटी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने मध्यस्थी करून १४ वित्तसंस्थांकडून सुमारे ३.६ अब्ज डॉलर उभे केले, तेव्हा कुठे बाजार सावरला. नोबेल मिळून एक वर्षही झालं नव्हतं.

त्यांचं गणित खोटं नव्हतं. आपण चुकलो तर काय, हा प्रश्न विचारायला लागणारी भीती त्यांच्यात उरली नव्हती. आपले जुने व्यापारी अशा नुकसानीची नोंद 'अक्कलखाती' करत. पैसे गेले, त्या बदल्यात अक्कल आली. अर्थात ती येतेच असं नाही, खातं मात्र भरत राहतं.

म्हणजे शिक्षणापेक्षा अनुभव मोठा? आमची आजी अडाणी होती पण सगळ्यांत शहाणी होती.

तुमच्या आजीबद्दल शंका नाही. माझीही तशीच होती. पण हे वाक्य स्पर्धेत टाळ्या घेतं आणि मला दर वेळी अस्वस्थ करतं, म्हणून थोडं सविस्तर.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, १८८३ साली, एक साखळी मांडली. विद्या नाही म्हणून मती गेली, मती गेली म्हणून नीती, नीती गेली म्हणून गती, मग वित्त; आणि शूद्र खचले. ती आपण भिंतीवर रंगवतो आणि तिचा क्रम विसरतो. फुल्यांच्या हिशेबात विद्या पहिली आहे. मती म्हणजे सारासार बुद्धी, आपण ज्याला शहाणपण म्हणतोय त्याच्या फार जवळची गोष्ट, ती विद्येनंतर येते. कुळकर्ण्याने कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नसेल तर शेतकरी कितीही समंजस असो, अंगठा कशावर उठवतोय हे त्याला कळणार नाही. समंजसपणाला खायला काहीतरी लागतं.

म्हणूनच सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलींच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद आठवून पाहा: बायकांना शिकून काय करायचंय, घर चालवायला उपजत शहाणपण पुरतं. ज्यांच्यापासून ज्ञान दूर ठेवायचं असतं त्यांच्या शहाणपणाचं कौतुक करणं ही जुनी युक्ती आहे. आजही एखादा अधिकारी "आपला आदिवासी बांधव निसर्गाकडूनच सगळं शिकतो" असं म्हणतो तेव्हा मी तिथल्या शाळेत शिक्षक किती आहेत ते विचारतो.

बहिणाबाईंचं नाव इथे हमखास येतं. आसोद्याच्या, निरक्षर, आणि मराठीतल्या थोर कवयित्री. खरं आहे. पण त्या जात्यावर, शेतात ज्या ओव्या रचत त्या आपल्यापर्यंत आल्या कारण लिहिता येणाऱ्या मुलाने आणि नात्यातल्या माणसाने त्या टिपून ठेवल्या. संग्रह निघाला १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. न टिपलेल्या किती बहिणाबाई जात्याबरोबर संपल्या, त्याची गणती नाही.

तेव्हा आजीचं कौतुक जरूर करा. तिला शाळेत घातलं असतं तर ती आणखी काय झाली असती, हेही भाषणात एकदा म्हणा.

गीतेत 'ज्ञान' म्हणतात ते कोणतं?

बहुतेकांना चकवणारी जागा आहे. तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय याची यादी येते, आणि ती सुरू होते अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, सरळपणा यांनी. मान नको असणं, दंभ नसणं. माहितीचा कप्पा नाही, बहुतेक सगळे स्वभावाचे गुण. आपण आज ज्याला शहाणपण म्हणू, त्याला तिथे ज्ञान म्हटलंय. ज्ञानेश्वरांनी या यादीवर शेकडो ओव्या लिहिल्या आहेत, एकेका गुणाला दृष्टान्तांवर दृष्टान्त. तेव्हा जुन्या ग्रंथातलं 'ज्ञान' उचलून आजच्या 'ज्ञाना'शी तुलना करू नका. शब्द तोच, माल वेगळा.

वय वाढलं की शहाणपण येतंच ना?

ज्येष्ठ नागरिक संघात या उत्तरानंतर चहा मिळेल की नाही शंका आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलं होतं की तरुण माणूस उत्तम गणिती होऊ शकतो पण व्यवहारातलं शहाणपण त्याला नसतं, कारण ते एकेका प्रसंगातून येतं आणि प्रसंग गोळा व्हायला वर्षं लागतात. पटण्यासारखं आहे. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायचं ठरवलं. लोकांना अवघड प्रसंग द्यायचे, मोठ्याने विचार करायला लावायचा आणि उत्तरं पाच कसोट्यांवर तोलायची: माणसांच्या आयुष्याची माहिती, वागण्याच्या रीती ठाऊक असणं, माणूस कुठल्या वयात आणि परिस्थितीत आहे याचं भान, दुसऱ्याची मूल्यं वेगळी असू शकतात ही जाणीव, आणि आपल्याला सगळं कळणार नाही हे धरून चालणं. पहिल्या दोन कसोट्या ज्ञानाच्या आहेत हे लक्षात घ्या. ज्ञान बाहेर ठेवून शहाणपण मोजता येईल असं त्यांनाही वाटलं नाही. निष्कर्ष असा की पौगंडावस्थेपासून पंचविशीपर्यंत हे वाढतं, आणि पुढे पंचाहत्तरीपर्यंत निव्वळ वयामुळे फारसं वाढत नाही. पन्नास वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव पन्नास वेळा, हा फरक आपल्या प्रत्येकाच्या कार्यालयात एक तरी माणूस दाखवत असे.

त्यांच्या प्रसंगांपैकी एक फार बोलका आहे: पंधरा वर्षांच्या मुलीला ताबडतोब लग्न करायचंय, काय विचार करावा? "छे, साफ चूक" असं एका दमात सांगणाऱ्याला कमी गुण. "बहुतेक वेळा हे घातकच, पण ती असं का म्हणते, कुणी नाही का तिला, आजारी आहे का, कुठल्या समाजात राहते," असं विचारणाऱ्याला जास्त.

मी हे वाचलं तेव्हा मला बीड जिल्हा आठवला. तिथे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, दोघं मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर मिळते. दिवाळीच्या सुमारास आई-बाप गाव सोडतात ते सहा-सहा महिने. वयात आलेली मुलगी मागे म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची की उसाच्या फडावर न्यायची? दोन्हीकडे भीती. मग लग्न लावून टाकतात. एक नवा कोयताही तयार होतो. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतो, मुलगी अठराची हवी. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पत्रिका छापणाऱ्यालाही.

इथे बर्लिनच्या कसोटीचा सैल अर्थ काढून कुणी म्हणेल, परिस्थिती समजून घ्या, होऊ द्या लग्न. तो शहाणपणा झाला, काना असलेला. मुलीचं नुकसान परिस्थिती समजल्याने कमी होत नाही. लग्न थांबवायचंच, पण आई-बाप फडावर असताना ती कुठे झोपेल, तिला रात्री कोण असेल, याचं उत्तर घेऊन थांबवायचं. हंगामी वसतिगृहाची मागणी त्यातूनच आली. नुसता कायदा सांगून परतलेल्या माणसाच्या मागे मांडव पुन्हा उभा राहतो.

दुसऱ्याला उत्तम सल्ला देणारी माणसं स्वतःच्या बाबतीत का गडबडतात?

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" ही म्हण तुम्हाला माहीत आहे. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिची जवळपास चाचणीच घेतली. जोडीदाराने फसवलं तर काय, असा प्रसंग काहींना स्वतःचा म्हणून आणि काहींना मित्राचा म्हणून विचार करायला दिला. मित्राच्या बाबतीत लोक जास्त समतोल विचार करत होते. त्यांनी याला राजा सॉलोमनचं नाव दिलं. जगाला न्याय देणारा, स्वतःच्या घरात मात्र गोंधळ घालून बसलेला राजा.

उपायही सापडला: स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं बघा, 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचार करा. तसं केल्यावर फरक बराच मिटतो. हे वाचून मला पहिल्यांदा 'तुका म्हणे' आठवलं. ती कवीची नाममुद्रा आहे, मानसशास्त्राचा प्रयोग नाही, हे मला कळतं. तरी स्वतःच्याच मनाला चार खडे बोल सुनावून शेवटी स्वतःचं नाव तिसऱ्या माणसासारखं घ्यायचं, ही सवय काही वाईट नाही.

साडेतीन शहाणे कोण? आणि अर्धा का?

अठराव्या शतकातले मुत्सद्दी. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे विठ्ठल सुंदर, हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण डोकं तेवढंच तल्लख पण तलवार चालवत नसत. म्हणजे त्या काळच्या मोजमापात रणांगणावर उभं राहणं हा शहाणपणाचाच भाग होता. आज आपण तो कप्पा पूर्ण काढून टाकलाय.

पूर्ण शहाण्यांचं काय झालं? विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. सखारामबापू नानांच्याच कैदेत, १७८१ मध्ये वारले. अर्धे शहाणे मात्र १८०० पर्यंत राज्य सांभाळून होते. ते गेले तेव्हा पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, कर्नल पामर याने लिहिलं की मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. शत्रूच्या माणसाने हे दोन शब्द जोडीने वापरावेत याचं मला नवल वाटतं. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला.

जास्त माहिती असणं वाईट कसं असू शकेल?

दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी तिच्यात नव्हती, पण थोडे पैसे जास्त दिले की करून मिळे, आणि लोक करून घेत. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. याचा अर्थ, सापडलेल्या बहुतेक गाठी माणसाला आयुष्यभर काहीही न करणाऱ्या होत्या. पण गाठ आहे हे कळल्यावर गप्प कोण बसतं? हजारोंनी ग्रंथी काढून घेतली आणि रोजच्या गोळ्या मागे लावून घेतल्या. २०१४ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनीच याविरुद्ध आवाज उठवला, आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या.

सोनोग्राफीने खोटं सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रात 'संपूर्ण शरीर तपासणी, निम्म्या दरात' अशी जाहिरात आली की मला कोरिया आठवतो. तुम्हाला त्रास असेल, घरात आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून जरूर तपासा. स्वस्त आहे म्हणून तपासू नका.

आता सगळं मोबाइलवर मिळतं, एआय उत्तरं देतो. मग?

ज्ञान स्वस्त झालं, आणि ते चांगलंच आहे. फुल्यांना आनंद झाला असता. पण उत्तर चुकलं तर मोबाइलची झोप उडत नाही. काकांची उडायची.

मुलांना शहाणपण शिकवता येतं का?

बौद्ध परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगतात: ऐकून आलेली, विचाराने आलेली आणि स्वतःच्या अनुभवात उतरलेली. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेल्यांनी हे ऐकलं असेल. शाळा पहिली देऊ शकते, चांगला शिक्षक दुसरीची सवय लावू शकतो. तिसरी देता येत नाही, पण तिला जागा ठेवता येते. मुलाला पन्नास रुपये देऊन भाजी आणायला पाठवा आणि आणल्यावर "किडकी वांगी कशी आणलीस" असं लगेच ओरडू नका. त्याला ती चिरायला बसवा.

आमच्या पिढीने मुलांना क्लास भरपूर लावले आणि बाजारात एकटं पाठवलं नाही. मी स्वतः त्यातलाच.

तुम्ही स्वतः शहाणे आहात का?

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीने विचारला होता. तिला पहिलं बक्षीस मिळालं, ते योग्यच झालं.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या शेजाऱ्याशी गाडी लावण्यावरून माझं वाजलं. ग्रॉसमन-क्रॉसचा प्रयोग मला तोंडपाठ आहे. घरी येऊन मी खरोखर स्वतःचं नाव घेऊन विचार केला, की हा गृहस्थ एवढा का चिडलाय, जागा हातभर तर गेली. मन बरंच निवलं. मग जेवलो, आणि रात्री बसून कमिटीला तीन पानी अर्ज लिहिला, नियमांच्या क्रमांकांसह. एकही नियम चुकीचा उद्धृत केलेला नाही. रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे.